अकरा हातांची नोंद

त्या देशाचं नाव मी इथं लिहिणार नाही. विसरले म्हणून नाही, आणि लिहायला बंदी आहे म्हणूनही नाही. सात वर्षं ते नाव टाळून बोलायची इतकी सवय झाली आहे की ओठावर आलं तरी मी आधी आजूबाजूला बघते. आमच्या कुपवाडच्या कारखान्यात त्या देशाला नुसतं 'तिकडं' म्हणतात. पंप तिकडं जाता कामा नये, एवढं सगळ्यांना पाठ आहे.

मी सुलक्षणा मगदूम. थोटे पंप्समध्ये निर्यात-नियमांची अधिकारी. शॉपमधली, यंत्रांवर काम करणारी माणसं मला 'बंदीबाई' म्हणतात आणि ते मला ऐकू येत नाही अशी त्यांची समजूत आहे. ज्यांना विकायला बंदी आहे त्यांच्याकडे आमचा पंप पोचू नये, थेट नाही आणि चार दलालांच्या मार्फतही नाही, हे बघणं माझं काम. पूर्वी हे कागदावर चालायचं. गिऱ्हाईक लिहून द्यायचं, की पंप मीच वापरीन, दुसऱ्याला देणार नाही, त्यातून शस्त्र बनवणार नाही. शस्त्र बनवणारा माणूस खोटी सही करायला लाजेल असं कुणी गृहीत धरलं होतं देव जाणे.

मग मुद्रा आली.

आमचा पंप साधा आहे. एक मऊ नळी, आणि तिच्यावरून गोल फिरत तिला दाबत जाणारे तीन रोलर. द्रव नळीतून पुढं सरकतो, यंत्राला कुठंच लागत नाही. म्हणून तो रंगाला चालतो, औषधाला चालतो आणि विषारी वायूच्या कारखान्यालाही चालतो. अशा दोन्हीकडं चालणाऱ्या वस्तूंमध्ये मुद्रा बसवायची असा करार पंचवीस-तीस देशांनी केला. मुद्रा म्हणजे मुगाच्या दाण्याएवढी चकती. ती यंत्राची थरथर ऐकते. मध ओतताना आणि पाणी ओतताना भांड्याचा आवाज वेगळा येतो, तसंच हे. फक्त मुद्रेचा कान फार तिखट. कोट्यवधी यंत्रांच्या थरथरीवर शिकवलेलं एक मॉडेल त्यावरून सांगतं, की नळीत काय आहे, किती गरम आहे, पंप कुठल्या खोलीत आहे, शेजारी कोण उभं आहे. हा अहवाल उपग्रहातून आमच्या सर्व्हरवर येतो. उलट आमचा सर्व्हर पंपाला परवाना पाठवतो. परवाना मिळाला तर मोटर फिरते. चांगल्या गिऱ्हाइकाला एक परवाना आठवडाभर पुरतो, संशयिताला दर सहा तासांनी नवा लागतो.

आणि कुलूप घालायचं असेल तर माणसाचं बोट लागतं. यंत्रानं माणसाविरुद्ध शेवटचा निर्णय घेऊ नये, असं करारात मोठ्या अभिमानानं लिहिलं आहे. थोटे पंप्ससाठी ते बोट माझं.

जो हा करार मोडेल त्याचं नाव यादीत जातं. यादीत गेलेल्या माणसाला कुणी काही विकायचं नाही, द्यायचं नाही, मदत करायची नाही. एव्हाना मुद्रा दारात, गाडीत, लिफ्टमध्ये, सगळीकडं आली होती, आणि ती यादी वाचते. आखातातल्या एका दलालाचं नाव यादीत गेलं तेव्हा तो लिफ्टमध्ये होता. लिफ्ट मधल्या मजल्यावर थांबली, दार उघडलं आणि तो बाहेर पडेपर्यंत हललीच नाही. त्यानंतर त्याला कुणी बघितल्याचं मी ऐकलेलं नाही.

*

दसऱ्याच्या आठवड्यातला सोमवार. दुपारचे पावणेचार. पडद्यावर पंप क्रमांक ४४१७ लाल झाला, म्हणजे संशयित ठरला. हा पंप माझ्या नवऱ्यानं, सन्मतीनं, आखातातल्या एका रंगाच्या कारखान्याला विकला होता. सन्मती आमचा निर्यात व्यवस्थापक. आमचं लग्न, नोकरी आणि भांडणं सगळी एकाच छपराखाली. रंगाच्या कारखान्यानं तो पंप कुणाला तरी दिला होता, त्यानं आणखी कुणाला, आणि आता तो तिकडं होता.

अहवाल छोटा होता. द्रव: रक्त. तापमान: सदतीस. जोडलेल्या व्यक्ती: एक. स्त्री, वय तीस ते पस्तीस.

मला वाटलं मॉडेल बिघडलं. मी थरथर स्पीकरवर लावली आणि सुतारमामांना बोलावलं. मामा आमच्या टेस्टिंगचे फोरमन. सदतीस वर्षं पंप ऐकून त्यांचा कान असा झाला आहे, की मॉडेल विचार करत असतं तोवर मामा उत्तर देऊन चहाला गेलेले असतात.

मामांनी डोळे मिटून ऐकलं. रोलरची घरघर, आणि तिच्या तळाशी, फार खोल, दुसरंच काहीतरी.

"ताई, ह्यात ठोका हाय," ते म्हणाले.

"कसला ठोका?"

"जिवाचा. रोलर एकसारखं फिरत्यात, त्यांच्या आडून ह्यो मागनं ढकलतोय. आयकू येतंय न्हवं?"

मग मलाही ऐकू आलं. मिनिटाला शहाण्णव. कुणीतरी रंगाचा पंप उघडून, धुऊन, त्याचं डायलिसिसचं यंत्र बनवलं होतं. हजारो मैलांवरच्या एका बाईचं रक्त शरीराबाहेर येत होतं, आमच्या नळीतून फिरत होतं आणि परत जात होतं, आणि मी कुपवाडात खुर्चीवर बसून तिचं काळीज ऐकत होते. असं कुणाचं ऐकू नये. सन्मतीचंसुद्धा मी कधी इतका वेळ ऐकलेलं नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात आकडा उलटा मोजू लागला होता. बहात्तर तास. गुरुवारी चार वाजेपर्यंत कुलूप.

*

औषधोपचाराला सूट आहे. मी त्याच संध्याकाळी अर्ज केला आणि मंगळवारी सकाळी करारावर देखरेख करणाऱ्या नियंत्रण कार्यालयात फोन लावला. गृहस्थ अतिशय सभ्य होते.

"मॅडम, सूट नक्की मिळेल. वापरकर्त्याची सही तेवढी जोडा."

"तिच्याशी संपर्क साधायला बंदी आहे."

"बरोबर. संपर्क साधलात तर तो गुन्हा होईल."

"मग सही आणू कशी?"

"अर्जात तशी अडचण नमूद करा. साठ दिवसांत उत्तर येतं."

घरी जेवताना मी सन्मतीला सांगितलं. तो भात कालवता कालवता थांबला.

"चाळीस चौऱ्याहत्तरच्या खाली सही कुणाची आहे ठाऊक आहे ना तुला?"

"तुमची. आणि चव्वेचाळीस सतरा. नंबर तरी नीट घ्या."

"तेच. कुलूप नाही लागलं तर माझं नाव जाईल यादीत. तुझं नाही, माझं. मी विकलाय." त्यानं ताट सरकवलं. "सुलू, मी वाईट माणूस आहे का? मी फक्त रंगाच्या कारखान्याला पंप विकला."

"ती मरेल हो."

"कोण ती? तुला तिचं नाव तरी माहीत आहे?"

नाव माहीत नव्हतं. ठोका माहीत होता. पण हे नवऱ्याला कसं सांगायचं?

बुधवारी पावणेचारला पंप पुन्हा सुरू झाला. सुरू व्हायच्या आधी मुद्रेनं एक वेगळाच आवाज पाठवला. टक, टक, टक. नखानं झाकणावर वाजवल्यासारखा. मॉडेलनं त्यावर काही म्हटलं नाही, त्याच्या दृष्टीनं तो कचरा. मी सोमवारची नोंद मागं नेऊन ऐकली. तिथंही होता. तीन टकटकी, मग थोडं थांबून पंप.

"तिकडच्या कुणाला तरी ठावं हाय ही चकती आयकती म्हणून," मामा हळू आवाजात म्हणाले. "ताई, ती इचारतीया. चालू करू का म्हणून आपल्याला इचारतीया."

त्या दिवशी अहवाल लांबला होता. मॉडेल शिकत चाललं होतं. डावा हात. सोमवारपेक्षा वजन दीड किलोनं जास्त. अंगात ताप. भीती वाटते आहे. ही शेवटची ओळ त्यानं कशावरून काढली मला कळलं नाही, आणि मी विचारायला गेले नाही.

मी मामांना सगळं सांगितलं. उद्या चारपर्यंत मला बोट ठेवावं लागेल, नाहीतर साहेब यादीत जातील, हेही सांगितलं. मी बोट ठेवणार होते, हे इथं स्पष्ट लिहून टाकते. मी ठरवलं होतं. एका बाजूला नवरा आणि दुसऱ्या बाजूला नाव नसलेली बाई असली की माणूस काय करतो ते मला त्या संध्याकाळी कळलं, आणि स्वतःची किळस आली.

*

गुरुवारी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी एकही यंत्र चालत नाही. लेथ, ड्रिल, क्रेन सगळं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून ठेवायचं आणि दसऱ्याचा दिवस उलटेपर्यंत हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या यंत्राला विसावा द्यायचा. मालक अण्णा थोटे जैन, मी जैन, मामा विश्वकर्म्याला मानणारे, टेस्टिंगमधला इरफान मिरजेचा. पण खंडेनवमीला नारळ सगळे फोडतात. सर्व्हरची खोली मात्र या सगळ्यातून वगळलेली असते. तिला कुलूप असतं, एक किल्ली माझ्याकडं आणि एक आगीच्या भीतीनं फोरमनकडं.

मी अकराला पोचले. सर्व्हरच्या खोलीचं दार उघडं होतं. आत उदबत्तीचा वास होता, आणि पंखे फिरत नव्हते. सात वर्षांत ती खोली मी कधी शांत ऐकली नव्हती.

सर्व्हरच्या कपाटावर पाच बोटं हळदीची, पाच कुंकवाची. वर झेंडूचा हार, पुढं नारळ. मामा हात जोडून उभे होते.

"ईज काढली," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर असं समाधान होतं की मला आजही आठवतं. "आता दोन दिस कुनी हात लावायचा न्हाई. तुमी बोट ठेवणार तरी कशावर? वरनं कुनी इचारलं तर सांगायचं, खंडेनवमी हुती, फोरमननं इसावा दिला. माझं नाव सांगा."

क्षणभर मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मग मला परवाना आठवला.

"मामा, शेवटचा परवाना कधी गेला?"

"कसला परवाना?"

मी कधी सांगितलंच नव्हतं. बंदी, कुलूप, बोट, हे सगळं मी त्यांना सांगितलं होतं. पण पंप आमच्या हुकमानं बंद पडतो तसा आमच्या गप्प बसण्यानंही बंद पडतो, हे सांगायचं मला सुचलं नव्हतं. लेथला विसावा दिला तर लेथ तेवढा थांबतो. या यंत्राला विसावा दिला की दुसरीकडं कुठंतरी काहीतरी थांबतं. असलं यंत्र मामांच्या सदतीस वर्षांत कधी आलं नव्हतं.

शेवटचा परवाना सकाळी सहाला गेला होता. पुढचा बाराला जायचा. मी वीज जोडली, पंखे फिरले, पडद्यावर ओळ आली: सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद झाला होता. पुन्हा सुरू करण्यासाठी नियंत्रण कार्यालयाची संमती आवश्यक. मी फोन लावला. कार्यालयाला दसऱ्याची सुट्टी होती. शनिवारी सकाळी दहानंतर संपर्क करावा.

बारा वाजले. तिकडं कुठंतरी टेबलावर ठेवलेल्या एका पंपाचा दिवा विझला असणार. बाहेर शॉपमध्ये पेढे वाटत होते.

मामांना मी समजावून सांगितलं तेव्हा ते खाली, नारळाशेजारीच बसले. त्यांचे हात कुंकवानं लाल होते. "मी तर तिला वाचवाया गेलो वं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मी त्यांच्यावर ओरडले. नको ते बोलले. स्वतः बोट ठेवायला निघालेली बाई कुठल्या तोंडानं ओरडते, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दसऱ्याला सन्मतीनं मला सोनं दिलं, मी त्याच्या हातावर परत ठेवलं. पावणेचारला, एक दिवसाआड यायची तिची वेळ झाली तेव्हा, मी घड्याळाकडं बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला.

*

शनिवारी सव्वादहाला संमती आली. सर्व्हर सुरू झाला. मुद्रा कुलूप लागल्यावरही ऐकणं सोडत नाही, ऐकलेलं साठवते आणि संधी मिळाली की पाठवते. मी, मामा आणि सन्मती पडद्यासमोर उभे होतो. सन्मती आपण सुटलो का हे बघायला आला होता.

तो सुटला होता. गुरुवार, बारा वाजता कुलूप, मुदतीच्या आत. नियमांचं पालन झालं.

त्याखाली शुक्रवारची नोंद होती.

पावणेचार. टक, टक, टक. मग शांतता. चार मिनिटांनी पुन्हा, टक, टक, टक. पुन्हा शांतता. नंतर स्क्रू काढल्याचा आवाज, काहीतरी ठोकल्याचा आवाज. आणि मग रोलर फिरले.

मोटर बंद होती. रोलर फिरत होते. एकसारखे नाही, हिसका देत, मध्येच मंदावत, पुन्हा सावरत.

मामा स्पीकरला कान लावून होते. "हातानं फिरीवत्यात," ते पुटपुटले. "झाकण काढून दांडा बसीवलाय. लाकडी हाय. आयका, वळताना कुरकुरतोय. आपल्या पंपाला दांडा बसत न्हाई वं. ह्येंनी बसीवला."

दर आठ-दहा मिनिटांनी लय बदलत होती. एक हात थकला की दुसरा. आणि सगळ्याच्या तळाशी तो ठोका, मिनिटाला एकशे चार, एकशे दहा, मग हळूहळू शहाण्णव. चार तास दहा मिनिटं. शेवटपर्यंत.

मामा मोठ्यानं रडले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते. सन्मती खाली बसला होता, खुर्ची नसलेल्या जागी, भिंतीला टेकून.

मग पडद्यावर मॉडेलचा निष्कर्ष आला.

चालक: मानवी हात, अकरा. निर्बंधित यंत्राच्या मोटरऐवजी वापरलेले पर्यायी भाग. भागांचा पुरवठा करणाऱ्यांची नावं द्या. नावं यादीत घेतली जातील. नावं न दिल्यास हातांच्या कंपनावरून शोध घेतला जाईल. अंदाजे कालावधी: एकोणीस दिवस.

खाली अकरा रकाने होते. प्रत्येकापुढं त्या हाताचं वर्णन. पहिला: स्त्री, वय साठच्या पुढं, संधिवात. दुसरा: पुरुष, सुतारकाम किंवा तत्सम व्यवसाय. तिसरा: स्त्री, हात ओले.

जगात जिथं जिथं मुद्रा आहे, तिथं तिथं ती आता हे अकरा हात शोधणार होती. कुणी दाराची मूठ धरेल, कुणी शिवणयंत्र चालवेल, आणि ते सापडतील. त्यानंतर त्या बाईला हात लावणाराही उरणार नव्हता.

"नावं दिली तर शोध थांबतो?" मामांनी विचारलं.

"थांबतो. माणसाची सही मॉडेलच्या वर. ते आपल्याला उलट विचारत नाही."

"मग माझं लिवा. दोन नंबरला. सुतारच हाय की."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते मस्करी करत नव्हते. यादीत जाणं म्हणजे काय ते मी त्यांना बुधवारीच सांगितलं होतं. मी दोन नंबरला त्यांचं नाव लिहिलं आणि तीन नंबरला माझं.

मामा शॉपमध्ये गेले. त्यांनी कुणाला काय सांगितलं मला माहीत नाही, पण पाऊण तासात एकेक जण दारात येऊ लागला. इरफान आला. पॅकिंगमधली शकू कोळी आणि तिची जाऊ आली. काही जण आले, ऐकून घेतलं आणि खाली मान घालून परत गेले; त्यांना मी दोष देत नाही. एक जण हात धुऊन येतो म्हणून गेला तो आला नाही. अण्णा थोटे केबिनमध्ये बसून राहिले. त्यांनी मला थांबवलं नाही, त्यांच्या मानानं ते पुष्कळ होतं.

दहा नावं झाली. अकरावा रकाना रिकामा होता आणि दारात कुणी नव्हतं.

सन्मती अजून भिंतीशी बसला होता. आजच सुटलेला माणूस. मंगळवारी त्याचं दुबईचं विमान होतं. मी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

"अकरावा कसा आहे?" त्यानं विचारलं.

मी वाचलं. "पुरुष. नवखा. पहिलं मिनिटभर हात थरथरतो. वेग सारखा चुकतो. नऊ मिनिटांनी सोडून गेला."

"सोडून गेला?"

"मग परत आला. दोनदा."

स्पीकर चालूच होता. मध्येच लय बिघडली, एक हात अडखळत फिरू लागला, आणि आम्हा दोघांनाही कळलं की हाच तो.

"लिही," सन्मती म्हणाला. "सन्मती बाहुबली मगदूम. बाहुबली दीर्घ ऊकारानं लिहू नकोस, आधार कार्डावर तशी चूक आहे, पण तू नीट लिही."

मी लिहिलं आणि बोट ठेवलं. पडद्यावर आलं: शोध थांबवला.

साडेपाचला आम्ही अकरा जण फाटकाशी गेलो. फाटकातल्या चकतीनं आम्हाला ओळखलं आणि ते उघडलं नाही. वॉचमननं बटण दाबून बघितलं, मग त्याला आठवलं आणि त्यानं हात मागं घेतला. शेवटी सन्मतीनं दोन्ही तळव्यांची पायरी केली आणि आम्ही एकेक करून चढलो, आधी शकू, मग तिची जाऊ, मग अठ्ठावन्न वर्षांचे मामा, चप्पल काढून. पलीकडं सुटलेली सगळी शिफ्ट उभी होती. उतरताना कुणी आधार दिला असता तर ती मदत ठरली असती आणि त्याचं नाव गेलं असतं. म्हणून ती आमचीच माणसं, पाच फुटांवर, खिशात हात घालून उभी राहिली.